मध, प्रोपोलिस, गुळवेल: संशोधन झालंय, पण नेमकं कशावर?

गोरेगावहून एका ताईंनी विचारलं आहे, ते थोडक्यात असं. सासऱ्यांचं वय ६८, मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत आणि हृदयाची झडप बदलल्यापासून वॉर्फरिन ही रक्ताच्या गुठळ्या होऊ न देणारी गोळीही. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज काहीतरी येतं: सकाळी मध-दालचिनी, रात्री प्रोपोलिसचे थेंब, अशक्तपणाला रॉयल जेली (राणीमाशीचं खाद्य), प्रतिकारशक्तीला गुळवेलीचा काढा. प्रत्येक मेसेजखाली ‘संशोधनाने सिद्ध’ असा शिक्का. त्यात नणंदेला बाळ झालंय आणि बारशाला त्याला सोन्याच्या अंगठीनं मध चाटवायचा बेत आहे. यातलं खरं किती, आणि घरात काय येऊ द्यावं?

मी मुंबईत औषधशास्त्र शिकवते. वनस्पतिजन्य औषधांच्या चाचण्या आखणं, दुसऱ्यांनी केलेल्या तपासणं, हे माझं नेहमीचं काम. म्हणून उत्तर जरा लांबणार आहे, पण घाईचं आधी सांगते.

बारशाला बाळाला मध देऊ नका, थेंबभरही नाही. सासऱ्यांना रॉयल जेली, प्रोपोलिस किंवा गुळवेल त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय सुरू करू नका. माझं मत विचाराल तर करूच नका. चहातलं आलं, भाजीतली हळद, फोडणीतला लसूण नेहमीच्या प्रमाणात खुशाल चालू राहू द्या. आता कारणं.

‘यावर संशोधन झालंय’ हे बहुतेक वेळा खरंच असतं. मधावर झालंय, प्रोपोलिसवर ढीगभर झालंय, गुळवेलीवर तर आपल्या मुंबईतच झालंय. खरा प्रश्न पुढचा असतो: ते कोणत्या पदार्थावर झालं, कुणावर झालं, कशाशी तुलना करून झालं, आणि तुमच्या हातातल्या बाटलीत तोच पदार्थ आहे का?

विद्यार्थ्यांना हे समजावं म्हणून एक प्रयोग दाखवता येतो. अगारच्या, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीच्या, बशीवर स्टॅफिलोकॉकसचे जंतू पसरायचे, त्यात बारीक गोल खड्डे पाडायचे, एकात मध घालायचा, दुसऱ्यात तितकाच घट्ट साखरेचा पाक. बशी रात्रभर ३७ अंशांवर ठेवली की सकाळी मधाच्या खड्ड्याभोवती जंतू न वाढलेलं स्वच्छ वर्तुळ दिसतं. पण घट्ट पाकाभोवतीही थोडंफार दिसू शकतं, कारण इतकी साखर असली की ती जंतूंमधलं पाणी ओढून घेते. मग दोन्ही पातळ करायचे. पाकाचा परिणाम संपतो, मधाचा टिकतो. मधमाशी मकरंदात ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचं विकर (एन्झाइम) मिसळते आणि मध पातळ झाला की त्या विकरामुळे हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतो. आता त्यात पेरॉक्साइड मोडणारं कॅटलेज घाला, बहुतेक मधांचा जोर ओसरतो. न्यूझीलंडच्या मानुका मधाचा मात्र तरीही उरतो. त्यामागचं द्रव्य मिथिलग्लायॉक्सल हे आहे, असं २००८ साली जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या रसायनशास्त्रज्ञांनी दाखवलं.

या एवढ्याशा बशीतच दिसतं की ‘मध’ नावाची एकच वस्तू नाही. आणि दुसरंही ध्यानात येतं: बशीतले जंतू मरणं ही फार स्वस्त गोष्ट आहे. गिळलेला मध जठरात जातो, पचतो, त्याची साखर होते. बशीतल्या निकालावरून ‘मध खाल्ल्याने जंतुसंसर्ग बरा होतो’ असं म्हणता येत नाही. मेसेजमधली निम्मी संशोधनं या बशीपाशीच थांबलेली असतात, उरलेली बरीचशी उंदरांपाशी.

मग माणसांवर काय दिसलंय? जिथे मध थेट जागेवर लागतो तिथे सगळ्यात चांगला पुरावा आहे, आणि त्यातला मोठा वाटा महाराष्ट्रातला आहे. सोलापूरच्या वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालयातले शल्यचिकित्सक डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी भाजलेल्या १०४ रुग्णांचा अभ्यास १९९१ साली ब्रिटनच्या शल्यचिकित्सेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. निम्म्यांच्या जखमांवर मधाची पट्टी, निम्म्यांवर त्या काळचं नेहमीचं मलम, सिल्व्हर सल्फाडायझिन. सात दिवसांत मधाच्या गटातल्या ९१ टक्के जखमा जंतुमुक्त झाल्या, दुसऱ्या गटातल्या ७ टक्के. पुढे कॉक्रेनच्या आढाव्यात, म्हणजे जगभरच्या चाचण्या एकत्र चाळून काढलेल्या निष्कर्षात, वरवरच्या भाजण्याच्या जखमा मधानं नेहमीच्या काही पट्ट्यांपेक्षा चार-पाच दिवस लवकर भरतात असं आलं. त्याच आढावाकारांनी हेही नोंदवलं की भाजण्यावरच्या या चाचण्या एकाच केंद्रातून आलेल्या आहेत. असा निकाल दुसऱ्या हातांनी, दुसऱ्या गावात पुन्हा मिळावा लागतो. मला सोलापूरच्या त्या कामाबद्दल मनापासून आदर आहे, आणि म्हणूनच ते महाराष्ट्रातल्याच आणखी चार रुग्णालयांत काटेकोरपणे पुन्हा व्हायला हवं होतं असं वाटत राहतं.

जखमांसाठी आज दवाखान्यात वापरतात तो मध गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला असतो. तापवून चालत नाही: तापवल्यावर विकर नष्ट होतं आणि जंतूंचे बीजाणू मात्र जिवंत राहतात. कुकरच्या वाफेनं हात भाजला तर वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटं धरा. डब्यातला मध थापू नका. मधुमेह्याच्या पायाच्या जखमेवर तर मुळीच नाही, तिथे वेळ गेला की पाय जातो.

दुसरी जागा खोकल्याची. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात १०५ मुलांना झोपण्याआधी मध, खोकल्याचं नेहमीचं औषध डेक्स्ट्रोमेथॉर्फन, किंवा काहीच नाही, असं देऊन पाहिलं. २००७ साली निकाल आला: मधाचा गट ‘काहीच नाही’पेक्षा स्पष्टपणे बरा, औषधापेक्षा मात्र खात्रीनं म्हणण्याइतका वेगळा नाही. इस्रायलमध्ये २०१२ साली एक ते पाच वर्षांच्या ३०० मुलांवर हेच जास्त नीट केलं. तिथे तुलनेला खजुराचा पाक होता. चवीला आणि दिसायला मधासारखाच, म्हणजे आईबापांना कळू नये. एका रात्रीत सगळीच मुलं थोडी सुधारली, मधाची जास्त. या दोन्ही अभ्यासांना मध उद्योगाच्या मंडळांचा निधी होता, हे वाचताना मनात ठेवावं. त्यानं निकाल खोटा ठरत नाही, पण बारकाईनं वाचायचं कारण मिळतं. ब्रिटनच्या सरकारी मार्गदर्शनातही २०१८ पासून साध्या खोकल्याला प्रतिजैविकाआधी मध सुचवलेला आहे. म्हणून वर्षाच्या वरच्या मुलाला सर्दी-खोकल्यात झोपताना चमचाभर मध द्यावा, याला माझी पूर्ण संमती आहे.

वर्षाच्या आतल्या बाळाला का नाही, ते आता. मधात क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम या जंतूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात इतर जंतूंची दाटी असते, त्यात हे बीजाणू रुजत नाहीत. तान्ह्या बाळाच्या आतड्यात रुजतात, विष तयार करतात, आणि ते विष स्नायू ढिले पाडतं. सुरुवात बद्धकोष्ठानं होते, मग रडणं क्षीण होतं, बाळ दूध ओढेनासं होतं, मान टाकतं, शेवटी श्वासाच्या स्नायूंवर येतं. क्वचित होतं, पण कोणत्या मधात बीजाणू आहेत हे बघून कळत नाही आणि घरगुती तापवण्यानं ते मरत नाहीत. मध शुद्ध आहे, रानातला आहे, ओळखीच्या मधपाळाकडचा आहे, यानं काही फरक पडत नाही; बीजाणू मातीतून येतात. सासूबाईंना विधी हवाच असेल तर अंगठी बाळाच्या ओठांजवळ नेऊन परत घ्या आणि मधाची वाटी बाळंतिणीला द्या. तिला मध चालतो. सहाणेवर उगाळलेली गुटीही सहा महिन्यांपर्यंत नको. वेखंड, जायफळ, मुरुडशेंग यांचे किती वेढे उगाळले यावर मात्रा ठरते, आणि तेवढ्याशा जिवाला ती चुकलेली सोसत नाही.

सासऱ्यांच्या मध-दालचिनीचं पाहू. मधात साधारण ८० टक्के साखरच असते, फ्रुक्टोज आणि ग्लुकोज. एक मोठा चमचा मध म्हणजे सुमारे २१ ग्रॅम, त्यात १७ ग्रॅम साखर. टोरांटोच्या संशोधकांनी २०२२ साली १८ चाचण्या एकत्र करून पाहिलं, तर मधानं उपाशीपोटीची साखर आणि वाईट कोलेस्टेरॉल किंचित कमी झालेलं दिसलं. हीच बातमी मेसेजमधून फिरते. गाळलं जातं ते असं: बहुतेक लोक निरोगी होते, एकूण आहार मुळात बेताचा होता, फायदा न तापवलेल्या, एकाच फुलोऱ्याच्या मधात जास्त दिसला, आणि पुराव्याची खात्री कमी आहे असं संशोधकांनीच लिहिलंय. सासऱ्यांना मध हवाच असेल तर तो साखरेच्या हिशेबात धरा, साखरेव्यतिरिक्त नाही. दालचिनीचं म्हणाल तर बाजारातली जाड सालीची बहुतेक कॅसिया असते, तिच्यात कुमारिन बरंच असतं आणि रोज चमचा-चमचा खाल्लं तर काहींच्या यकृताला ते सोसत नाही. मसालेभातातल्या तुकड्याबद्दल मी बोलत नाही.

बाटलीत मध आहे का, हा आणखी वेगळा प्रश्न. डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेनं १३ ब्रँडचा मध तपासला; जर्मनीतल्या प्रयोगशाळेत एनएमआर या रेणूंची रचना ओळखणाऱ्या चाचणीसकट केलेल्या तपासण्यांत १० ब्रँड नापास झाले. कंपन्यांनी ते मान्य केलं नाही. पण नेहमीच्या चाचण्यांना चकवणारे साखरेचे पाक बाजारात आहेत, हे त्यातून पुढे आलं. पाण्यात तळाशी बसतो, कुत्रा तोंड लावत नाही, वात पेटते, या घरगुती परीक्षांचा काही उपयोग नाही; दाट पाकही तळाशीच बसतो. मध थिजला, साखरेसारखा रवाळ झाला, म्हणून तो भेसळीचा ठरत नाही, ग्लुकोज जास्त असलेला अस्सल मध थिजतोच. स्टेशनबाहेर बादलीत पोळं ठेवून विकतात त्याच्यापेक्षा महाबळेश्वरकडच्या किंवा अन्य मधपाळांच्या सहकारी संस्थांचा, फुलोरा आणि हंगाम सांगता येणारा मध घ्या. जांभळाचा, हिरड्याचा, कारवीचा मध चवीला आणि रंगाला वेगळा असतो, त्यातली द्रव्यंही वेगळी असतात. कारवी तर आपल्या बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात आठ वर्षांनी फुलते, २०१६ ला फुलली, २०२४ ला फुलली. त्या मधावर मानुकासारखं पद्धतशीर काम व्हावं ही माझी जुनी इच्छा आहे.

प्रोपोलिस म्हणजे माश्यांनी झाडांच्या कळ्या-सालींवरून गोळा केलेला चिकट राळेसारखा पदार्थ. पोळ्याच्या फटी बुजवायला तो वापरतात. इथे ‘कोणत्या पदार्थावर?’ हा प्रश्न सर्वात बोचरा होतो. युरोपातला प्रोपोलिस मुख्यतः पॉप्लर झाडांचा, ब्राझीलचा हिरवा प्रोपोलिस बॅकॅरिस नावाच्या झुडपाचा, दोघांतली रसायनं वेगळी. आपल्या देशी सातेरी माश्या प्रोपोलिस फारसा गोळाच करत नाहीत. इथे मिळतो तो बाहेरून आणून पाळलेल्या मेलिफेरा माश्यांचा किंवा बाहेरून आलेला. ब्राझीलमध्ये कोविडच्या १२४ रुग्णांवर हिरव्या प्रोपोलिसची चाचणी झाली आणि रुग्णालयातला मुक्काम कमी झालेला दिसला, पण कोण काय घेतंय हे डॉक्टर-रुग्ण दोघांना माहीत होतं आणि तुलनेला खोटी गोळी नव्हती. घरी कधी सोडायचं हा निर्णय डॉक्टरांच्या हातात असतो, त्यामुळे असा निकाल मी सुरुवात म्हणून धरते, पुरावा म्हणून नाही. ब्राझीलचा तो निकाल अंधेरीच्या दुकानातल्या, कुठल्या झाडाचा ते न लिहिलेल्या बाटलीला लागू करता येत नाही. प्रोपोलिसनं त्वचेची आणि तोंडाची ॲलर्जी होते, हे मात्र भरपूर नोंदलेलं आहे.

रॉयल जेलीवर मी फार जागा घालवणार नाही. राणीमाशी तिच्यावर वाढते हे खरं, त्यावरून माणसाला ताकद येते हे येत नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०११ साली तिच्याबद्दलचे आरोग्यदावे तपासून फेटाळले. दमा असलेल्यांना तिच्यामुळे तीव्र झटके आलेले आहेत, मृत्यूही झालेले आहेत. आणि तुमच्या घरासाठी मुद्द्याची गोष्ट: वॉर्फरिनवर असलेल्या एका ८७ वर्षांच्या रुग्णानं रॉयल जेली सुरू केल्यावर लघवीतून रक्त जाऊ लागलं आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याचा आकडा) ७ च्या पुढे गेला, अशी नोंद २००६ साली प्रसिद्ध झाली आहे. एका रुग्णावरून सिद्ध काही होत नाही. पण जिच्यापासून फायदा सिद्ध नाही तिच्यासाठी एवढा धोका पत्करायचं कारणही नाही.

सांधेदुखीला माशी डसवून घेण्याबद्दल तुम्ही विचारलं नाही, तरी कुणीतरी सुचवेलच. २०१८ मध्ये स्पेनमधून एका ५५ वर्षांच्या बाईंची नोंद आली. दोन वर्षं हा उपचार घेत होत्या, सोसत होता, आणि एका दिवशीच्या डंखानं ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे अंगभर पसरणारी जीवघेणी ॲलर्जी, होऊन त्या गेल्या. मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारावर नेदरलँड्समध्ये नीट चाचणी झाली, तिच्यात काहीच फायदा दिसला नाही. माशीच्या विषाचा पक्का सिद्ध झालेला उपयोग एकच: डंखाची जीवघेणी ॲलर्जी असलेल्यांना ते अगदी सूक्ष्म मात्रेपासून वाढवत नेऊन सहनशीलता आणणं, आणि तेही रुग्णालयात.

आता वनस्पती. हे विषय ‘आयुर्वेद विरुद्ध ॲलोपथी’ अशा भांडणात अडकतात याचं मला वाईट वाटतं, कारण झाडावरचं चांगलं संशोधन कसं असतं याचा नमुना मुंबईतच आहे. सर्पगंधेनं रक्तदाब उतरतो हे कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ सालीच लिहिलं होतं. मुंबईच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाचे ५० रुग्ण निवडून, मात्रा ठरवून, नोंदी ठेवून १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये निकाल छापले, आणि तेव्हा कुठे जगानं लक्ष दिलं. १९५२ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला सीबा या औषध कंपनीत तिच्यातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळं केलं गेलं. डॉ. वकील यांना १९५७ चा लास्कर हा अमेरिकेतला वैद्यकीय पुरस्कार मिळाला. आणि लगेच दुसरी बाजूही कळली: रेसर्पिनच्या जास्त मात्रेनं काहींना तीव्र नैराश्य येत होतं. शरीरात काही बदल घडवण्याइतकी ताकद ज्या झाडात आहे, त्यात अपाय करण्याची ताकदही असणार. ‘गुणकारी आहे आणि दुष्परिणाम शून्य’ अशी जाहिरात दिसली की मला गुणाचीच शंका येते.

अडुळशाचंही असंच. त्यातल्या व्हॅसिसीनवरून ब्रोमहेक्सिन बनलं, पुढे ॲम्ब्रॉक्सॉल. आज मुंबईतल्या कुठल्याही केमिस्टकडे कफ पातळ करणारं सिरप मागा, यातलं एक बहुधा त्यात असतं.

गुळवेलीवर थोडं थांबते, कारण हा मुंबईचाच विषय आहे आणि त्याच्या दोन्ही बाजू इथेच पाहिल्या गेल्या. केईएममध्ये डॉ. शरदिनी डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुळवेलीवर अनेक वर्षं काम केलं. पित्तनलिका तुंबून कावीळ झालेल्या रुग्णांची प्रतिकारशक्ती ढासळलेली असते, शस्त्रक्रियेनंतर जंतुसंसर्गानं ते दगावतात. अशा ३० रुग्णांचा अभ्यास १९९३ साली प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेआधी गुळवेल दिलेल्या गटात जंतुदोष आणि मृत्यू दोन्ही बरेच कमी होते. चाचणी लहान होती, पण प्रश्न नेमका होता: ओळख पटवलेली वनस्पती, ठरलेला अर्क, ठरलेली मात्रा, थोडे दिवस, रुग्णालयात रोजच्या तपासणीखाली.

मग कोविड आला आणि घराघरांत काढे उकळू लागले. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात मुंबईतल्या यकृततज्ज्ञांच्या एका गटाकडे गुळवेल घेणारे सहा रुग्ण यकृताच्या दाहासह आले. ते त्यांनी २०२१ मध्ये छापलं. आयुष मंत्रालयानं आक्षेप घेतला की वनस्पतीची ओळखच पटवलेली नाही, तिच्यासारखी दिसणारी दुसरी असू शकते. आक्षेपात तथ्य होतं. टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया ही आपली गुळवेल. टिनोस्पोरा क्रिस्पा तिची बहीण, पानं तशीच बदामाच्या आकाराची, पण खोडावर ठळक गाठी असतात, आणि क्रिस्पानं यकृताला इजा होते हे आधीपासून माहीत होतं. सोसायटीच्या कुंपणावरचा वेल कापून आणणाऱ्याला हा फरक कळेलच असं नाही, चूर्णात तर कुणालाच कळणार नाही. पण नंतर देशभरच्या १३ केंद्रांतून ४३ रुग्णांची नोंद २०२२ मध्ये आली, आणि अनेकांच्यात स्वतःच्या प्रतिकारशक्तीनंच यकृतावर हल्ला केल्याच्या खुणा होत्या. सगळ्या ठिकाणी चुकीचीच वेल होती असं मानणं मला जड जातं.

माझ्या मते दोन्ही निरीक्षणं खरी आहेत आणि एकमेकांच्या विरोधातही नाहीत. गुळवेल प्रतिकारशक्तीच्या पेशींना चेतवते. ढासळलेल्या रुग्णाला त्याचा फायदा झाला. ज्याच्या अंगात स्वयंप्रतिकाराचा आजार दबा धरून आहे, थायरॉइडचा किंवा यकृताचा, त्याला तेच चेतवणं महागात पडू शकतं. केईएमच्या रुग्णांना ती थोडे दिवस मिळाली. लोकांनी महिनोन्‌महिने, मोजमाप न ठेवता घेतली. दुखणं नसलेल्या माणसानं रोज गुळवेल घेतल्यानं तो आजारी पडत नाही, असं कोणत्याही चांगल्या चाचणीत मला दिसलेलं नाही. सासऱ्यांच्या बाबतीत आणखी एक अडचण: ती साखर उतरवू शकते, वर मधुमेहाच्या गोळ्या आहेतच.

हळदीबद्दल थोडक्यात. हळदीच्या पुडीत कर्क्युमिन साधारण ३ टक्के, आणि तेही आतड्यातून फारसं रक्तात जात नाही. बेंगळुरूच्या सेंट जॉन्समधून १९९८ साली दाखवलं गेलं की मिऱ्यातल्या पायपरिनबरोबर दिलं तर माणसाच्या रक्तातलं प्रमाण सुमारे २० पट होतं. त्यावरून ‘जास्त शोषली जाणारी’ हळद कॅप्सूलमध्ये आली, आणि तिच्यामागोमाग यकृताच्या इजेच्या नोंदीही; अमेरिकेतून २०२२ मध्ये अशा दहा रुग्णांची नोंद आली, आणि त्यांच्या तपासलेल्या सात उत्पादनांपैकी तिनांत पायपरिनही होतं. पायपरिन इतर औषधांचं विघटनही मंदावतं. वरणातली हळद आणि ही कॅप्सूल, दोन वेगळ्या वस्तू समजा.

आणि पावसाळ्यात डेंग्यू आला की पपईच्या पानांचा रस. काही लहान चाचण्यांत प्लेटलेट लवकर वाढलेल्या दिसतात. पण डेंग्यूत त्या आपोआपही वाढतात, आणि रक्तस्राव किंवा मृत्यू कमी झाल्याचं दिसलेलं नाही. रसामुळे उलट्या होऊन अंगातलं पाणी कमी झालं तर डेंग्यूत तेच जास्त घातक.

शेवटी सासऱ्यांचं वॉर्फरिन. हे औषधसुद्धा झाडापासूनच आलं. उत्तर अमेरिकेत १९२० च्या दशकात कुजलेलं स्वीट क्लोव्हर गवत खाऊन गुरं रक्तस्रावानं मरत होती. विस्कॉन्सिनच्या कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेनं १९४० च्या सुमारास त्यातलं द्रव्य ओळखलं, त्यावरून हे बनलं. याची उपयोगी मात्रा आणि घातक मात्रा यांत अंतर फार थोडं आहे. बहुतेकांचा आयएनआर २ ते ३ मध्ये ठेवायचा असतो, काही झडपांना थोडा वर. खाली गेला तर झडपेवर गुठळी होऊन पक्षाघात, वर गेला तर रक्तस्राव. म्हणून यांच्या बाबतीत ‘नैसर्गिक आहे, घेऊन बघू’ हा विचारच बाजूला ठेवा. पालक, मेथी, कोथिंबीर बंद करायची नाही, पण आठवडाभर रोज आणि मग एकदम बंद असंही नको. त्यातलं के जीवनसत्त्व या गोळीच्या विरुद्ध काम करतं, त्यामुळे प्रमाण सारखं हवं.

पुढचा मेसेज आला की मूळ अभ्यास शोधा. भारतातल्या औषधचाचण्यांची नोंदणी सीटीआरआय (क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री, इंडिया) या संकेतस्थळावर २००९ पासून सक्तीची आहे आणि ती कुणालाही फुकट बघता येते. वनस्पतीचं शास्त्रीय नाव घालून शोधा, किती जणांवर आणि कशाच्या तुलनेत, एवढं तरी कळतं. बाटलीच्या मागची बारीक अक्षरंही वाचा: अन्नाच्या परवान्यावर विकलेल्या पदार्थाला रोग बरा होतो हे सिद्ध करावं लागलेलं नसतं, आणि ग्रंथोक्त आयुर्वेदिक औषधाला परवाना बहुतांशी ग्रंथाच्या आधारावर मिळतो, रुग्णांवरच्या नव्या चाचणीवर नाही.

सासऱ्यांनी यातलं काही आधीच सुरू केलं असेल तर त्यांना रागावू नका, लपवतील. वॉर्फरिनची मात्रा स्वतः बदलू नका. या आठवड्यातच आयएनआर करून घ्या आणि त्याच रक्तातून यकृताची तपासणीही सांगा. डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या बाटल्या, पुड्या आणि काढ्याचं सामान एका पिशवीत घालून न्या; नावं सांगण्यापेक्षा वस्तू दाखवणं बरं. हिरड्यांतून रक्त, अंगावर निळे डाग, काळी शौच, लाल लघवी किंवा अचानक जोराची डोकेदुखी यातलं काही दिसलं तर पुढच्या भेटीची वाट पाहू नका, त्याच दिवशी जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात न्या आणि पोचताक्षणी वॉर्फरिन चालू असल्याचं सांगा.